देवधरांचा बोलका कन्सोल

गेमला शुद्ध मराठीत, तेही ‘आपण’ लावून बोलायला लावणारा प्रोग्रामर मी एकच पाहिला. देवधर. गेमच्या आत काय चाललंय ते कळावं म्हणून आम्ही सगळेच कोडमध्ये छोटे संदेश पेरतो. गेम चालताना ते कन्सोल नावाच्या काळ्या खिडकीत उमटतात. आमचे संदेश म्हणजे ‘हिअर वन’, ‘हिअर टू’, फारच वैतागलो तर ‘आआआ’. देवधरांचे बघा : ‘ब्रेक दाबलात. लवकर आठवण झाली.’ ‘आपण दुभाजकावर चढला आहात. उतरावे.’ ‘रिक्षाला धडक. चूक कोणाची, हे विचारू नये.’

वारज्यातल्या आमच्या छोट्या कंपनीत तेव्हा स्वारगेटहून सुटणाऱ्या बसचा गेम चालला होता. पन्नाशी ओलांडलेले देवधर एकटेच, बाकी आम्ही सगळे तिशीच्या आतले. माझं टेबल त्यांच्या शेजारी. चूक शोधायची नवी साधनं मी त्यांना दाखवायला गेलो, तर म्हणाले, “चालत्या प्रोग्रामला मधेच अडवून त्याची झडती घ्यायची? आपल्याला नाही जमणार. चालू द्या त्याला. तो आपणहून सांगतो.”

कुणाचं काम अडलं की ते खुर्चीसकट सरकत येत.

“काय म्हणतोय?”

“काही म्हणत नाही. बंद पडलाय.”

“मग तुम्ही त्याला विचारलंच नसेल.”

आणि राग याचाच यायचा, की त्यांनी दोन संदेश टाकले की चूक सापडायची.

एकदा गिऱ्हाईक गेम बघायला आलं आणि बस गचके खात निघाली. देवधरांनी चाकाच्या प्रत्येक हालचालीला संदेश टाकला होता. एवढं लिहिता लिहिता गेमला धाप लागली. “अगदी खरी बस वाटते,” गिऱ्हाईक म्हणालं. कंपनी चालवणाऱ्या आमच्या मॅडम मात्र हसल्या नाहीत. सोमवारपर्यंत सगळे संदेश पुसायचे, नाहीतर देवधर या गेमवर नाहीत, असं त्यांनी बजावलं. पुसायला मदत करायचं काम माझ्याकडे आलं.

देवधर एकही ओळ पुसू देईनात. “मुका गेम मी हाताळणार नाही. दुसरा माणूस बघा म्हणावं.”

माझा पारा चढला. “अहो, चार ओळींसाठी काम घालवताय?”

ते पडद्याकडेच बघत राहिले. “आमच्या हिला पक्षाघात झाला, त्याला तीन वर्षं होतील. समजतं सगळं, बोलता येत नाही. डोळ्यांत पाणी आलं की मी अंदाज करत बसतो. पाठ दुखतेय? तहान लागलीय? का माझाच राग आलाय? बहुतेकदा चुकतो. इथे एक ओळ लिहिली की हा सांगतो तरी.”

मला स्वतःची लाज वाटली. त्यांच्या संदेशांचे फोटो ग्रुपवर टाकून सगळ्यांना हसवणारा मीच होतो.

आम्ही काहीच पुसलं नाही. संदेश फक्त देवधरांच्या संगणकावर दिसतील, बाकी सगळीकडे बंद राहतील, असा एक स्विच मी कोडमध्ये बसवला. बस सुसाट पळाली, मॅडमचीही तक्रार राहिली नाही.

त्या संध्याकाळी मी आपणहून त्यांच्याबरोबर बिबवेवाडीला गेलो. काकू पलंगावर टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी डावा हात जरासा उचलला.

“बसा म्हणतेय,” देवधर म्हणाले. मग काकूंकडे वाकून हळूच विचारलं, “हेच ना गं?”