फुंग आजींचा शुद्ध उच्चार आणि भरधाव मिनीबस

यौमातेईच्या चहागृहात नातवाची होणारी सासू घड्याळाकडे पाहू लागली होती, आणि तेच चहागृह फुंग आजींच्या मिनीबसच्या खिडकीतून मागे सरकत होते. वरपक्षच उशिरा पोचला, तर सोयरीक तिथेच मोडायची.

हाँगकाँगच्या या गाड्यांना घंटा नसते. उतरणाऱ्याने ओरडायचे असते. आजींनी हयातभर शाळेत पठण शिकवलेले. अक्षरे एकमेकांत कालवून बोलणारा माणूस त्यांच्या लेखी असंस्कृत.

"चालकमहोदय, कृपया पुढील मंदिराशेजारच्या गल्लीच्या तोंडाशी—"

"आजी, मंदिर गेलं, गल्ली गेली!" चालक खेकसला. "उतरायचंय की भाषण करायचंय?"

सून सुक-मान कुजबुजली, "आई, मी ओरडू का?"

"माझ्यादेखत? शब्दांचा लगदा करून? अजिबात नाही."

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका इसमाने ढेकर द्यावी तसा काहीसा आवाज काढला. गाडी जागच्या जागी थांबली.

"आई, चला, इथंच उतरू!"

"दुसऱ्याच्या ढेकरेवर फुंग घराणं उतरत नसतं."

गाडी सुटली. आजींनी पुन्हा आरंभ केला. 'कृपया'पर्यंत बाजार संपला, 'थांबवावी'पर्यंत जॉर्डनची वस्तीही मागे पडली. सुक-मानचा फोन वाजला. पलीकडे तिचा मुलगा, म्हणजे नवरदेव, रडकुंडीला आला होता. "आई, कुठे आहात? सासूबाई पर्स उचलून उभ्या राहिल्यात!"

समोर बोगद्याचे तोंड दिसू लागले. बोगद्यावर समुद्र, समुद्रापलीकडे बेट.

"आत शिरलो की थांबत नसतो हां!" चालकाने बजावले.

आजी उठल्या. संबोधन, विनंती, स्थळ आणि क्रियापद, सारे त्यांच्या मुखातून एकाच चेंगरलेल्या आवाजात बाहेर पडले. ब्रेक किंचाळले.

"वा, आजी! आत्ता कसं माणसासारखं बोललात!"

फुटपाथवर उतरून आजींनी कोट झटकला. सून टॅक्सीला हात करता करता ओठ दाबून हसत होती.

"मला ठसका लागला होता," आजी एकेक अक्षर सुटे करत म्हणाल्या.

"हो ना, आई."

टॅक्सी करून दोघी पोचल्या, तेव्हा विहीणबाई दारातच होत्या. "एवढा उशीर?"

"काय सांगू!" सुक-मान गोड आवाजात म्हणाली. "आईंना गाडीत असा ठसका लागला, की सगळी गाडी थांबवावी लागली."

विहीणबाई विरघळल्या. "अगं बाई! या वयात जपायला हवं हो!" त्यांनी आजींना हाताला धरून बसवले, आणि स्वतः चहा ओतला. सोयरीक वाचली.

घराण्याच्या अब्रूखातर आजी जेवण संपेपर्यंत अधूनमधून खोकत राहिल्या.