वाळवीने खाल्लेली एकेचाळीस हजार पुस्तकं

सुभेदार लालासाहेब खुर्चीमागे हात पाठीशी बांधून उभे राहिले की कीबोर्डवर क्षमाची बोटं हमखास चुकायची. ते बोरजाईवाडीच्या सार्वजनिक वाचनालयाचे अध्यक्ष. पंचवीस वर्षं फौजेच्या कोठारात ब्लँकेटं आणि बूट मोजून आल्यावर गावाने त्यांना पुस्तकांवर नेमलं होतं. मोजायची सवय असली म्हणजे झालं, बूट काय आणि पुस्तकं काय, असा गावाचा हिशेब.

"आज किती झाली?" त्यांनी विचारलं.

"सकाळपासून अकरा."

"अकरा? आवं बाई, पंध्रा तारखेला सायेब येणार तपासायला. तुमी काय तांदूळ निवडताय का काय?"

क्षमाने पुढचं पुस्तक उघडलं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या बावीस वाचनालयांची एक सामाईक यादी संगणकावर झाली होती. पुस्तकाचं नाव शोधायचं. दुसऱ्या एखाद्या वाचनालयाने त्याची नोंद आधीच केलेली असली तर ती आपल्या यादीत उतरवून घ्यायची, आपला दाखल क्रमांक घालायचा आणि पुढच्या पुस्तकाकडे वळायचं. लेखक, प्रकाशक, पानं पुन्हा टाइप करायला नकोत. काम सोपं होतं, पण क्षमा ते नीट करायची. आधी कपाटातून पुस्तक हातात घ्यायची, आवृत्ती बघायची, मगच नोंद उतरवायची. अशी तीन महिन्यांत तिने वाचनालयाच्या तीन हजार एकशे बारा पुस्तकांपैकी बहुतेक यादीत आणली होती. शेवटचं कपाट तेवढं राहिलं होतं.

घाईला कारण होतं. क्षमा अकरा वर्षं या वाचनालयात 'तात्पुरती' ग्रंथपाल होती. तात्पुरती असतानाच तिचं लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी चौथीत गेली. आता ग्रंथालय खात्याच्या साहेबांच्या तपासणीत यादी आणि कपाटं जुळली, एकही पुस्तक गहाळ निघालं नाही, तर तिला कायम करायचा ठराव समितीने केला होता. जुळली नाहीत तर नवीन ग्रंथपाल बघायचा, हेही त्याच ठरावात दुसऱ्या कलमात होतं.

"ह्यो सांगलीचा ढीग हाय न्हवं?" सुभेदारांनी पडद्यावर बोट टेकवलं. सांगलीच्या एका मोठ्या वाचनालयाची यादी उघडलेली होती.

"हो. त्यांच्याकडे नोंदी चांगल्या आहेत."

"मग एकेक कशापायी वडताय? फौजेत ट्रक आला की आख्खा खाली करत्यात. दाणा दाणा मोजत बसलं तर पलटण उपाशी मरंल."

"सुभेदार, जी पुस्तकं आपल्याकडे आहेत तेवढ्यांच्याच नोंदी घ्यायच्या असतात," असं म्हणून क्षमा शेवटच्या कपाटाकडे वळली. कपाटाचं दार अडलं होतं. ते ओढण्यात तिची पाच मिनिटं गेली, आणि तेवढ्यात सुभेदार खुर्चीत बसले. पडद्यावर 'सर्व निवडा' असं एक चौकोनी बटण होतं. फौजी माणसाला आवडावं असंच ते बटण. त्यांनी ते दाबलं, मग 'उतरवून घ्या' दाबलं. संगणकाने विचारलं, 'खात्री आहे का?'

"कवाचीच हाय," सुभेदार म्हणाले आणि 'होय' दाबलं.

क्षमा पुस्तकांचा गठ्ठा घेऊन परतली तेव्हा यादीतला आकडा चव्वेचाळीस हजार सातशे बावन्न झाला होता.

"अहो, हे काय केलंत!"

"काय केलं? तीन म्हैन्याचं काम पाच मिन्टात केलं!"

"पण ही पुस्तकं आपली नाहीत! परत पाठवायला हवीत."

"आलेला माल फौजेत परत धाडत न्हाईत, बाई."

संध्याकाळपर्यंत ही वार्ता गावाच्या ग्रुपवर गेली. मुंबईला कामाला असलेल्या निम्म्या गावाने तिथून टाळ्या पाठवल्या. तिसऱ्या दिवशी एसटी थांब्यावर फ्लेक्स लागला: 'बोरजाईवाडीची ग्रंथसंपदा ४४,७५२!' फ्लेक्सवर सुभेदारांचा फोटो होता, समितीतल्या नानासो आणि दादासो यांचे फोटो होते, आणि कोपऱ्यात कोणाचा तरी वाढदिवसही उरकून घेतला होता. पुस्तकाचा मात्र फोटो नव्हता. ज्या गावात टँकर आला तरच पाणी दिसतं, त्या गावात न दिसणाऱ्या पुस्तकांचं कोणाला काही वाटलं नाही.

अपवाद होता तात्यांचा. निवृत्त शिक्षक. ते मोबाइलवर यादी उघडून आले.

"क्षमाबाई, हे बागेतल्या कीटकांचं पुस्तक. उपलब्ध म्हणतंय."

"ते... सांगलीत आहे, तात्या."

"हे सह्याद्रीतल्या घाटांचं?"

"तेही सांगलीतच."

"मग वाचनालय इथं कशाला ठेवलंय? एसटीचा पास द्या की सरळ!" तात्या तणतणत गेले. क्षमाला राग आला तो तात्यांचा नाही, सुभेदारांचा. पण ठराव सुभेदारांच्या खिशात होता, त्यामुळे राग तिला पदरात बांधून ठेवावा लागला.

तपासणीला चार दिवस उरले तेव्हा तिने समितीसमोर खरं मांडलं. "यादीत चव्वेचाळीस हजार सातशे बावन्न. कपाटात तीन हजार एकशे बारा. एकेचाळीस हजार सहाशे चाळीस कमी."

सुभेदारांचा चेहरा बदलला. त्यांच्यातला कोठारवाला जागा झाला. "कोठाराची किल्ली कुणाकडं असती?"

"माझ्याकडे."

"मग माल कमी आला तर जबाबदार कोण?"

"अहो सुभेदार, बटण तुम्ही दाबलंत!"

"मी माल वाढवला. कमी कुणी केला ते इचारतोय." नानासो आणि दादासोंनी माना डोलावल्या. एकेचाळीस हजार पुस्तकं कुठे गेली याचा खुलासा दोन दिवसांत लेखी द्यावा, असं पत्रच त्यांनी तिच्या हातात ठेवलं. वाचनालयाच्या एकुलत्या एका खिडकीतून एवढी पुस्तकं बाहेर कशी गेली असावीत, हे मात्र तिघांपैकी कोणीही विचारलं नाही.

क्षमाने सांगलीला फोन लावला. तिथला ग्रंथपाल धवल तिला प्रशिक्षणात भेटला होता. सगळं ऐकून तो खो खो हसला.

"ताई, घाबरू नका. त्यातली आमच्याकडेही नऊच हजार आहेत."

"म्हणजे? मग बाकीची?"

"ती आमच्या सेक्रेटरींनी उतरवून घेतलीत, दुसऱ्या कुणाकडून तरी. त्यांनी आणखी कुणाकडून घेतली असतील. खरी कुठं आहेत ते देवाला ठाऊक."

"अरे, पण मग तुमची तपासणी कशी होते?"

"आम्हाला पूर आहे ना! नोंद सरळ पुसता येत नाही, कारण देऊन बाद करावी लागते. फाटलं, हरवलं, पूर, वाळवी, एवढीच कारणं आहेत बघा. दोन-तीन वर्षांनी कृष्णामाई येते आणि आमची यादी साफ करून जाते. तुमच्या दुष्काळी माण तालुक्यात पुराचं कोण खरं मानणार? तुम्ही आपलं वाळवी टाका."

क्षमाने कपाळावर हात मारला. पण दुसरा उपाय नव्हता. 'हरवलं' म्हणावं तर हरवणारी ती, आणि एकेचाळीस हजार पुस्तकं फाटली म्हणावं तर वाचणारं गाव कुठून आणायचं? तिने वाळवीची कल्पना समितीला सांगितली. सुभेदार खुलले.

"ह्येला फौजेत कंडम बोर्ड म्हंत्यात! तीन मेंबर बसायचं, माल बघायचा, निकामी म्हणून सही ठोकायची."

"पण बघायचं काय? माल न्हाईच की," दादासोंनी विचारलं.

"म्हणून तर लवकर हुतंय!"

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी बोर्ड बसला. चहा झाला, सह्या झाल्या. क्षमाने आधीच सांगून ठेवलं होतं, "फक्त सांगलीच्या नोंदी बाद करायच्या. मी गाळून वेगळ्या काढते, मला तासभर द्या." ती पहिलं पान गाळत होती, तेवढ्यात बाहेरून रंगुबाईंनी हाक मारली. त्या दर आठवड्याला पुस्तक बदलायला यायच्या. क्षमा दोन मिनिटांसाठी उठली.

सुभेदारांना तासभर म्हणजे फार वाटलं. 'सर्व निवडा'. 'बाद करा'. कारण: वाळवी. खात्री आहे का? होय.

"थांबा! त्यात आपलीही आहेत!" क्षमा दारातून ओरडली. पण पडद्यावर आकडा आला होता. एकूण ग्रंथ: शून्य.

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तीन महिने एकेक पुस्तक हातात घेऊन केलेलं काम, अकरा वर्षांची नोकरी, सगळं एका बटणाने वाळवीच्या तोंडी दिलं होतं. "उद्या साहेबांना तुम्हीच सांगा काय ते," ती म्हणाली. सुभेदारांना मात्र उद्या दहिवडीला एका लग्नाला जायचं असल्याचं एकाएकी आठवलं.

दुसऱ्या दिवशी अकराला साहेब आले. हातात टॅब, कपाळाला घाम. क्षमा राजीनाम्याचा कागद घडी करून टेबलाखाली धरून बसली होती.

"सतरा वाचनालयं बघितली," साहेब खुर्चीत बसता बसता म्हणाले. "एकाचीही जुळणी होत नाही. कुठं पाचशे गहाळ, कुठं वीस हजार. तुमचं काय?" त्यांनी यादी उघडली आणि थबकले. "नोंदीत शून्य?"

"हो साहेब. पण त्याचं असं झालं—"

"थांबा." त्यांनी टॅबवर रकाने भरायला सुरुवात केली. "नोंदीप्रमाणे ग्रंथ शून्य. त्यांपैकी गहाळ ग्रंथ..." त्यांनी मान वर केली. "शून्यातून गहाळ किती होणार?"

"काहीच नाही," क्षमा पुटपुटली.

"निरंक!" साहेबांचा चेहरा उजळला. "पहिलीच शंभर टक्के जुळणी!"

तेवढ्यात रंगुबाई आत आल्या. "आवं बाई, कालचं लय बारीक अक्षराचं हाय. दुसरं द्या." आणि साहेबांच्या देखत त्यांनी पुस्तक बदलून नेलं.

क्षमाला राहवलं नाही. "साहेब, कपाटात तीन हजार एकशे बारा पुस्तकं आहेत. तुम्हाला दिसतायत ना?"

"नोंदीत आहेत का?"

"नाहीत."

"मग मला दिसत नाहीत. आणि ग्रंथसंख्या कमी-जास्त हे दुसऱ्या टेबलाचं काम. माझ्याकडे फक्त जुळणी." शेरा लिहून त्यांनी सही केली: 'गहाळ निरंक. ग्रंथपालांचे काम आदर्शवत.'

ठराव अमलात आला. फ्लेक्स बदलला, त्यावर सुभेदारांचा नवीन फोटो आला. क्षमाच्या हातात आदेश पडला: वाचनालयातील नोंदणीकृत सर्व ग्रंथांची जबाबदारी आजपासून कायमस्वरूपी आपल्यावर राहील. तिने तो दोनदा वाचला. मग संगणक बंद केला, शेवटच्या कपाटातून एक जाडजूड कादंबरी काढली आणि खिडकीशी बसून पहिलं पान उघडलं. वाचनालयात लागल्यापासून, अकरा वर्षांत, तिला वाचायला वेळ असा आजच मिळाला होता.