नामाकाकांचं फुकटचं ऊन

आमचे शेजारी नामाकाका मयतीला गेले तरी आत शिरण्याआधी मान वर करून सौरपाट्या बसवायला छपरावर ऊन किती पडतं ते बघतात. स्वतःच्या पोरीसाठी स्थळ बघून आले तेव्हा काकूंनी विचारलं, "पोरगा कसा हाय?"

"छप्पर दक्षिणेकडं हाय," काका म्हणाले. "सोनं हाय, सोनं!"

लग्न झालं. पोरगाही बरा निघाला, हे काकूंचं नशीब.

अर्जुनी मोरगावच्या तालुका कचेरीत काका दिसले की बाबू लोक चहाला उठायचे. काका बाकावर बसून डबा खायचे आणि पुन्हा खिडकीशी उभे. "सूर्य कधी बिल पाठवते काय?" हे त्यांचं पालुपद. शेवटी आमच्या गावतलावाकाठच्या शेतांसाठी त्यांनी सवलतीतले सौरपंप मंजूर करून आणलेच. पंप सुरू झाले त्या दिवशी गावभर बुंदी वाटली.

आधी वीज जायची, पंप थांबायचे, तलाव तेवढाच दम खायचा. ऊन काही जाईना. सगळ्यांनी उन्हाळी धान लावला आणि दिवसभर पाणी उपसलं. वैशाखात तलावाचा तळ उघडा पडला, मधल्या खोलगटात तेवढं पाणी उरलं.

त्या तलावात शेवंताबाई आणि तिच्या गटातल्या ढिवर बाया मासे पाळायच्या. एका सकाळी ती काकांच्या अंगणात आली. मी तिथंच होतो. वाटलं, आता भांडते. तिनं रिकामी टोपली खाली ठेवली.

"काका, मासोऱ्या चिखलात मरून राहिल्या. आता आमी का करावं?"

ती गेल्यावरही काका खांबाला धरून उभेच होते.

ग्रामसभेत ते हात जोडून उठले. "चूक माही हाय. मी उन्हाचा इचार केला, तलावाचा केलाच नाही. पाणी तलावाच्या घाटाच्या पायरीखाली गेलं का सगळ्यायनं पंप बंद करावा. उन्हाळ्यात धान नोको, मूग लावा."

"आनलं तूच, आता बंद बी तूच करून राहिला का बे?" मागून कोणीतरी ओरडलं. लोक हसले. काका कानापर्यंत लाल झाले, पण बसले नाहीत. "माहा पंप आजपासून बंद," म्हणाले.

त्यांचा उभा धान डोळ्यांदेखत वाळला. भोवताली हिरवंगार, मध्ये काकांचं पिवळं शेत. पुढच्या वर्षी सभेनं नियम केला, तोही कुरकुरतच. तलावात पाणी टिकलं, बायांनी नवं मत्स्यबीज सोडलं. काका मात्र तलावाच्या पाळीवरच्या वाटेनं जाईनात, शाळेमागून वळसा घालत.

"काऊन काका?" मी विचारलं.

"शेवंताच्या तोंडापुढं कसा जाऊ?"

मग एका दुपारी काका माझ्या दारात उभे. हातात पळसाच्या पानात गुंडाळलेल्या मासोऱ्या. काका तर माशांना शिवतही नाहीत. वास लागू नये म्हणून तोंड एका बाजूला वळवलेलं.

"शेवंतानं घरी आनून देल्ल्या. पयल्या जाळ्याच्या हाय म्हने."

"मग नाही म्हणायचं होतं."

"कसं म्हनू?" त्यांनी पुडकं माझ्या हातात दिलं. जाता जाता फाटकाशी थांबले.

"चांगल्या शिजव. अन् कशा लागल्या ते मले नीट सांगजो. तिनं पुसलं तं सांगता आलं पायजे."