अर्धी मिशी

बबनकाका अर्धी मिशी ठेवायचे. कायमची नव्हे, आमच्या उंदरांच्या मिशा कापायचं काम चालू असेल तेवढेच दिवस.

चिंचवडच्या आमच्या प्रयोगशाळेत ते उंदीर सांभाळत. मूळचे चाकणकडचे शेतकरी, जमीन कंपनीत गेल्यावर इथे लागले. घरचा पत्ता विचारला तर कंपनीचं गेट वगैरे न सांगता "आमची जांभळ व्हती तितनं डावीकडं" म्हणत. जांभूळ पाडून वीस वर्षं झाली होती.

उंदराच्या एकेका मिशीच्या स्पर्शाला मेंदूत स्वतःची जागा असते. मिशा ज्या ओळीने, जागाही त्याच ओळीने, म्हणजे नकाशाच. उजव्या मिशांचा नकाशा डाव्या मेंदूत, डाव्यांचा उजव्या. मिशा महिनाभर कापत राहिलं की त्यांचा नकाशा फिका पडतो. आमच्या काही उंदरांत जन्मतःच दोष होता. मेंदूचे थर उलटे लागलेले, चालताना झोकांड्या जायच्या. थर उलटे, मग नकाशा तरी जागेवर असेल का? ते पाहायला त्यांच्या उजव्या मिशा कापायच्या होत्या.

काका उंदरांच्या कापत आणि घरी जाऊन स्वतःचीही उजवी बाजू सफाचट करत. का, तर उंदरांना एकटं वाटू नये. पुतणीच्या लग्नातही तसेच उभे राहिले. वरपक्षाच्या एका म्हातारीने विचारलं, नवस आहे का? काका म्हणाले, "उंदरांचा हाय." गणपतीचंच काहीतरी असणार म्हणून तिने हात जोडले.

पाहुण्यांना प्रयोग समजावून सांगण्यात आमच्यापेक्षा तेच पटाईत. म्हणायचे, "वाकडचा टावर घ्या. वरची माणसं खाली आली, खालची वर गेली. पन अ विंगचा मानूस अ विंगमधीच ऱ्हायला. मंग पत्ता चुकंल का?" आणि नंतर हळूच मला विचारायचे, "नसंल ना चुकत, सायेब?" मी म्हणायचो, बघू. हा प्रश्न ते फार वेळा विचारत. आम्ही हसायचो. सर्वांत जास्त मी.

मेंदूचे दोन भाग वेगवेगळ्या काचेच्या भांड्यांत ठेवायचं काम माझं. डावा, उजवा असं मी झाकणांवर लिहायचो. काकांनी एकदा टोकलं होतं, "झाकनावर लिवू नका. झाकान फिरतं, भांडं न्हाई." मी हो हो म्हटलं आणि झाकणांवरच लिहीत राहिलो.

मेंदूच्या कापांच्या स्लाइड आल्या तेव्हा डाव्याऐवजी उजवा मेंदू फिका निघाला. त्याच संध्याकाळी मला आठवलं. रंगाचा द्राव बदलताना मी सगळी झाकणं एकदम काढली होती.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी काकांना बोलावलं. तुम्ही डाव्या मिशा कापल्या, म्हणाल्या. काकांनी आपल्या ओठाच्या मोकळ्या बाजूवर बोट ठेवलं. ती आज सकाळी कापली असेल, असं म्हणून मॅडम माझ्याकडे वळल्या. महिनाभर हीच बाजू होती का?

"मी लक्ष दिलं नाही," मी म्हणालो.

स्लाइड रद्द झाल्या. काकांचं कंत्राट पुढे वाढलं नाही. जाताना त्यांनी मला कुठली मादी चावते तेवढं सांगितलं.

पुढच्या सहा महिन्यांत प्रयोग पुन्हा केला. या वेळी मी भांड्यावर लिहिलं. नकाशा सापडला. शोधनिबंधावर माझं नाव आलं. काकांना कळवावं असं रोज वाटायचं. पण कळवायचं तर आधी दुसरं काही बोलावं लागलं असतं.

यात सात वर्षं गेली. गेल्या महिन्यात गेलो. जांभळीची खूण कुणालाच ठाऊक नव्हती, तीनदा रस्ता चुकलो. काका अंगणात बसले होते. मिशी पूर्ण, पांढरी. पाणी यायच्या आत मी सगळं सांगून टाकलं.

"ठावं हाय," ते म्हणाले. "झाकनं." मग पुढे सरकून विचारलं, "आन् नकाशा? घावला का?"

"होता, काका. थर उलटे, पण मिशीन् मिशी जागच्या जागी."

"कवा कळलं?"

"तुम्ही गेलात त्याच वर्षी."

त्यांनी दारातून आत पाहिलं. भिंतीवर एका तरुण मुलीचा फोटो होता, त्याला हार. त्यांची मुलगी. घरी कोण कोण आहे, हे आम्ही त्यांना कधी विचारलंच नव्हतं. पोटात असतानाच तिच्या मेंदूचे थर नीट बसले नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. चालताना झोकांड्या जायच्या, बोलणं नाही. जाऊन दोन वर्षं झाली.

उंदीर आणि माणूस एक नव्हे, हे सांगायची ही वेळ नव्हती.

काकांनी तळहात स्वतःच्याच गालावर ठेवला.

"लहानपनापासनं रोज तिच्या गालावरनं हात फिरवायचो," ते म्हणाले. "तितलं काम सुटलं, नकाशाचं काय कळलंच न्हाई, आन् तेबी सोडलं, सायेब. म्हनलं, हिला कुटं काय कळतंय."