गोटीरामची छाती

"इंदिरा, दिवाळीच्या आत सातपूरच्या त्या कारखान्यात धूळ ओढणारे पंखे बसले नाहीत, तर मिशी उतरवीन!" प्राध्यापक उपेंद्र गर्ग्यांनी बायकोला ठणकावून सांगितलं.

गर्ग्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या रामकुंडावरची भिक्षुकी. यांनी मात्र धुळीचा वसा घेतलेला! खाणी, गिरण्या, भट्ट्या पालथ्या घालून आता त्यांना फुंकर मोजायचं यंत्र मिळालं होतं. नळीत फुंकायचं, छाती जितकी धड, तितकी सुई वर. ग्राइंडिंग खात्यातली माणसं खोकून बेजार होती. सुया पडतील, मालक हादरेल, पंखे बसतील. सरळ हिशोब!

पण सुया पडेनातच! वाल्मीक साळवेचा खोकला म्हणे फाटकाबाहेर ऐकू जायचा, पण त्याच्या बिल्ल्याची पाळी आली आणि सुई थेट टोकाला! पुढचे सगळे तसेच. गर्ग्यांची नजर सुईवर खिळलेली. फुंकणाऱ्याचं तोंड बघायचं काही त्यांना सुचलं नाही.

"वा, प्रोफेसर!" मॅनेजर कर्णिक खूश. "धूळ मानवते म्हणायची! पंखे रद्द!"

गर्गे तडक वाल्मीकच्या घरी गेले. तो खाटेवर धापा टाकत बसलेला. त्याची बायको नवसाबाई म्हणाली, "साहेब, ह्ये फुकायला आलेच नव्हते. प्याकिंगमधल्या गोटीरामला धाडला. लग्नाच्या ब्यांडात पिपाणी वाजवतो ना! समद्यांचे बिल्ले लावून त्यानंच फुकलं."

"अहो, पण का?"

"सुई पडली की मानूस घरी. मागच्या डाक्टरनं तेच केलं!"

"मी कुणाचं नाव लिहिणार नाही!"

"त्योबी आसंच म्हनला व्हता."

आली का पंचाईत! खरं सांगावं, तर फसवणुकीपायी सगळ्यांची नोकरी जाणार. गप्प बसावं, तर वाल्मीक त्याच धुळीत मरणार. शेवटी गर्ग्यांनी कर्णिकांना सांगितलं, "यंत्र बिघडलं होतं. दुरुस्त केलंय. पुन्हा मोजू." दिल्लीच्या परिषदेत वाचायचा त्यांचा याच यंत्रावरचा निबंध बोंबलला, कॉलेजात हसं झालं. फार लागलं त्यांना ते.

कर्णिक कसले बधतात! साऱ्या खात्यासमोर म्हणाले, "दुरुस्त झालंय ना? मग आधी तुम्हीच फुंका!"

रांगेत पुढेच गोटीराम, वाल्मीकचा बिल्ला लावून, गाल फुगवून तयार!

गर्ग्यांनी दम भरून फुंकलं. सुई अर्ध्यावरही चढेना. पुन्हा फुंकलं. ढिम्म!

"अजून बिघडलेलंच की हो!" कर्णिक खो खो हसले.

गर्गे हसले नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांची धूळ मोजत हिंडलेल्या या माणसानं स्वतः कधी नळीला तोंड लावलं नव्हतं.

"यंत्र ठीक आहे," ते म्हणाले. "फुंकरच एवढी आहे. लिहितो. उपेंद्र गर्गे, नावासकट."

मागून वाल्मीक भिंत धरत पुढे आला आणि त्यानं गोटीरामच्या सदऱ्यावरचा बिल्ला काढून घेतला.

"सरक बाजूला," तो म्हणाला. "तुझी छाती लय भारी हाय. वरातीला ठेव."