दगडूतात्यांचं कोपर

आमच्या गल्लीत बायकांनी तोंडाला लावायची कुठलीही नवी वस्तू आली, की ती सर्वांत आधी एका पैलवानाच्या कोपरावर लागायची. हा पैलवान माझा शेजारी होता, आणि हे मी आजही छाती फुगवून सांगतो.

दगडूतात्या म्हणजे उमेदीच्या काळात जत्रांचे आखाडे गाजवलेला गडी. मी श्रीरामपूरच्या हायस्कुलात गणित शिकवायला आलो, तेव्हा ते पन्नाशीकडे झुकलेले होते. कान मोडलेले, मिशा राखलेल्या, आणि नोकरी साखर कारखान्यात, उसाच्या गाड्यांचं वजन करणाऱ्या काट्यावर. पहिल्याच संध्याकाळी मी ओळख करून घ्यायला गेलो, तर हा राक्षसदेही माणूस ओट्यावर मांडी घालून बसला होता आणि गुलाबी डबीतलं बायकांनी तोंडाला लावायचं स्नो करंगळीने आपल्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला लावत होता. लावून झाल्यावर त्यांनी शाईच्या पेन्सिलीने त्याभोवती गोल काढला.

‘या मास्तर, बसा,’ ते म्हणाले. ‘हाताला हात लावू नका फक्त. उद्या सकाळपातूर हितं पानी बी लागू द्यायचं न्हाई.’

मी कसनुसा हसलो. आतून पारूकाकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा आवाज आला, ‘हसा, हसा. समदं गाव हसतंय.’

कारण मला नंतर काकूंनीच सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी मालन लहान असताना तात्यांनी जत्रेतून तिच्यासाठी मोठ्या हौसेने पावडरीचा डबा आणला होता आणि स्वतःच्या हाताने तिच्या तोंडाला थापला होता. सकाळी पोरीचं तोंड भाकरीसारखं फुगलं, डोळे दिसेनात. आठवडाभर हा माणूस धड जेवला नाही. मालन बरी झाली, पण तिची कातडी तेव्हापासून अशी रुसवी झाली, की नवा साबण नुसता पाहिला तरी लाल व्हायची. तात्यांनी शपथ वगैरे काही घेतली नाही. सरळ बाही वर केली.

त्यांची एक पद्धत होती. आधी स्वतःचं कोपर. तिथे काही झालं नाही, तर मालनचं कोपर. मग तिच्या कानामागे. आणि मधे चांगले दिवस जाऊ देऊन मगच तोंड. मी एकदा शहाणपणा केला आणि विचारलं, ‘तात्या, तुम्हाला सोसलं म्हणजे झालं की. पुन्हा तिच्या हाताला कशाला?’

‘मास्तर, माझं कातडं रेड्याचं. मला सोसलं म्हंजे एवढंच कळतं, का त्यात तेजाब न्हाई. पोरीला काय सोसंल ते पोरीच्याच कातड्याला इचारायचं. आन् कातडं उशिरा बोलतं. घाई केली, का तोंडावर बोलतं.’

एकाच आठवड्यात दोन नव्या वस्तू त्यांना चालत नसत. ‘दोन नवे पावने एका रात्री घरात घेतले आन् चोरी झाली, तर धरायचं कुनाला?’ मी वर्गात पोरांना बीजगणितात एका वेळी एकच अक्षर सोडवायला शिकवत असे, त्यामुळे हे मला लगेच पटलं. वास फार येणाऱ्या वस्तूवर त्यांचा विशेष राग. ‘येवढा घमघमाट कशापायी? काय तरी झाकायचं आसंल.’ बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने त्यांच्यासमोर आठ दिवसांत गोरं करणारी क्रीम ठेवली, तेव्हा तात्यांनी डबीकडे पाहिलं, दुकानदाराच्या काळ्याभोर चेहऱ्याकडे पाहिलं, आणि अगदी मायेने विचारलं, ‘शेठ, तुमाला घरच्यांनी लावू दिली न्हाई व्हय?’

तालमीत त्यांची भरपूर थट्टा व्हायची. हे पोरांना डाव शिकवायला वाकले, की मोगऱ्याचा दरवळ सुटायचा आणि पोरं हसून गार व्हायची. काट्यावर तर एका गाडीवानाने ते पेन्सिलीचे गोल पाहून तात्यांना नायटा झालाय असं ठरवलं. पुढच्या खेपेला बिचारा कसला तरी पाला वाटून घेऊन आला. तात्यांनी त्याचे आभार मानले आणि दुसरी बाही वर करून त्या पाल्याचीही चाचणी लावली.

पण हसणाऱ्या गल्लीची हळूहळू गंमत झाली. बायका पदराआडून काकूंकडे डब्या देऊ लागल्या. ‘तात्यांच्या हाताला जरा लावून बघा म्हणावं.’ कुणाची पोर बघायला पाहुणे यायचे असले, की आठ-पंधरा दिवस आधी तात्यांकडे वर्दी जायची. तात्या डबी ठेवून घेत, पण निरोप पाठवीत, ‘मी नुस्ता दारावरचा शिपाई. पोरीच्या हातावर पोरीनंच लावून बघायचं.’ आमच्या गल्लीतली एकही नवरी लग्नात सुजलेल्या तोंडाने बसली नाही. आमच्या मुख्याध्यापकांच्या दाढीनंतरच्या पाण्यालाही ते कोपर लाभलंय. मी शिफारस केली होती.

मग मालनचंच लग्न ठरलं. दुष्काळ पडायच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मुलगा राहुरीकडचा, पाटबंधाऱ्यात नोकरीला, शांत. सगळं छान होतं, एक मावशी सोडून. मुलाच्या मावशीने सुपारीच्या बैठकीतच कौतुकाने सांगितलं, ‘आमच्या घरातल्या नवऱ्यांची हळद मीच कालिवते. पुन्याची पावडर घालते त्यात, वासाची. नवरी आशी उजळती!’

तात्यांचा चेहरा पडला. आमच्याकडे नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद वाजतगाजत मुलीकडे येते आणि आली की लागलीच तिच्या अंगातोंडाला लागते. तिथे रात्रभर थांबायची सोय नाही. तात्यांनी मध्यस्थाकरवी चिमूटभर हळद आधी मागून पाहिली. उलट निरोप आला, की आमच्या हळदीवर संशय असेल तर पुन्हा विचार करा. पोरीचं ठरलेलं लग्न मोडायचं, की बोहल्यावर तिचं तोंड सुजू द्यायचं? हा प्रश्न घेऊन तो माणूस लग्नापर्यंत फिरत होता. काट्यावर वजनं चुकत नव्हती, पण मिशी खाली उतरली होती. ‘मास्तर, आखाड्यात समोरचा दिसतो तरी,’ ते म्हणायचे.

लग्नाच्या आदल्या दिवशी वाजंत्री लावून राहुरीच्या बायका मांडवात शिरल्या. पुढे मावशी, हातात हळदीची वाटी. मालन पाटावर बसलेली. मावशीने बोटं बुडवली, आणि तात्या मधे उभे राहिले. भिंत उभी राहावी तसे.

‘आधी मला लावा.’

‘आवो, नवरदेवाला लावूनच आनलीया की!’

‘नवरदेवाचं कातडं येगळं, पोरीचं येगळं.’

‘म्हंजे आमी काय इख आनलंय?’ मावशीचा आवाज चढला. वाजंत्री थांबली. राहुरीच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणीतरी ‘चला गं’ म्हणालं. मी तात्यांचा दंड धरून ओढू लागलो. तो माझ्याच्याने हलणार थोडाच!

त्यांना हलवलं मालनने. ती पाटावरून उठली आणि बापाचा हात धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी दंड सोडला नव्हता, म्हणून मीही आत गेलो. तिने बांगड्या सारून हात पुढे केला. कोपराच्या आत पेन्सिलीचे दोन गोल होते. एकात लालसर पुरळाची खूण, सुकत आलेली. दुसऱ्यात फक्त हळदीचा पिवळा डाग, आणि खाली कातडी अगदी निवांत.

‘तात्या, ही मावशीच्या हळदीची पुडी. मागंच आली हुती. खाज सुटली म्हनून मी कळवलं. मग त्यांनी मावशीला सांगून पावडर काढाया लावली. कसं पटवलं त्यांचं त्यांनाच ठावं. आन् ही बिनपावडरीची, दुसरी पुडी. तीच आज आलीया.’

‘कोनी पाठवली?’

‘त्यांनीच. बहिनीच्या हाती.’ शिकायला श्रीरामपुरात राहिलेली नवरदेवाची बहीण माझ्याच वर्गात होती, आणि मला पत्ता नाही! ‘बघाया आले तवा तुमी त्यांना पगार इचारायचा सोडून कोपराचंच सांगत बसला हुता. त्यांनी समदं ध्यानात ठिवलं.’

‘मंग मला का न्हाई सांगितलं?’

‘तुमी काठी घिऊन राहुरीला गेला आसता.’

तात्यांनी तिचा हात उजेडात धरला, डागावर अंगठा दाबून पाहिला.

‘रातभर ठिवली हुती?’

‘दोन राती.’

‘पानी?’

‘न्हाई लागू दिलं.’

‘मधी दुसरं काय नवं लावलं?’

‘न्हाई, तात्या.’

‘कानामागं?’

तिने मान वळवून केस बाजूला केले. तिथेही पिवळा ठिपका होता.

तात्या मांडवात गेले आणि सगळ्यांदेखत त्यांनी मावशीपुढे हात जोडले. ‘चुकलं मावशी. पोरीचा बाप हाय. लावा हळद.’ मावशी पुटपुटल्या, मग हसल्या, वाजंत्री पुन्हा सुरू झाली आणि मालनचं तोंड पिवळंधमक झालं. ते तसंच राहिलं, नितळ आणि हसरं.

तात्या कुठे दिसेनात म्हणून मी बाहेर गेलो. मागच्या बाजूला सरपणाच्या ढिगाशी ते एकटेच बसले होते. मी म्हणालो, ‘तात्या, पोरगी तुमच्यापेक्षा सवाई निघाली!’

‘व्हय तर!’ त्यांची मिशी एकदम वर गेली. ‘येक सवाल चुकली न्हाई, मास्तर. आन् जावई? सोताच्या मावशीला बोलायचं म्हंजे काय सोपं हाय? गडी हाय, गडी.’ ते आणखीही बरंच बोलले असते, पण त्यांनी तोंड फिरवलं. त्या रुंद पाठीला कधी माती लागल्याचं गावाने पाहिलं नव्हतं. ती पाठ हुंदक्यांनी हलत होती, आणि मला त्या माणसाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

‘लगीन उद्या हाय, मास्तर,’ ते म्हणाले. ‘पर माझी पोर आजच गेली. लई चांगल्या घरी गेली.’