लिफ्टने टेस्टचं नाव विचारलं

तपासायला कोण आलंय हे आधी कळलं, की माणूस सुधारतो. यंत्राचंही तसंच असतं हे सिद्ध करण्याचा मान लिफ्टचे प्रोग्राम लिहिणाऱ्या एका कचेरीकडे जातो.

तिथे प्रोग्राम तपासायला छोट्या छोट्या टेस्ट होत्या. प्रत्येकीला नाव असे: 'तिसऱ्या मजल्यावर दार उघडावे', 'वजन जास्त झाल्यास हलू नये'. पास झाली की हिरवी खूण, नापास झाली की लाल. (लालचा खुलासा द्यावा लागे. हिरव्याचा कोणी मागत नसे.)

तिथल्या एका प्रोग्रामरला सगळे लाल्या म्हणत, कारण त्याच्या स्क्रीनवर दुसरा रंग कोणी पाहिलाच नव्हता. या खेपेला सगळं हिरवं झालं तर नोकरी कायम, नाहीतर नारळ. सासऱ्यांना त्याने 'कायम झालो' असं आधीच सांगून ठेवलेलं.

मग त्याला शोध लागला, की चालू टेस्टचं नाव प्रोग्रामला विचारता येतं. ही सोय खरं तर नोंदी नीट व्हाव्यात म्हणून होती. पण प्रश्नच कपाळावर उत्तर लिहून येत असेल, तर अभ्यास कशाला? लिफ्टने आधी नाव विचारायचं. नावात 'उघडावे' असेल तर उघडायचं, 'हलू नये' असेल तर हलायचं नाही. संध्याकाळपर्यंत स्क्रीन हिरवीगार झाली. यशाचं प्रमाण शंभर टक्के (मोटर दुरुस्तीला नेली होती त्या दिवशीसुद्धा).

लिफ्टच्या उद्घाटनाला मोठे साहेब लाल्याच्या पाठीवर हात ठेवूनच लिफ्टमध्ये शिरले. शिपायाने बाहेरून दार लावून दिलं. साहेबांनी तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं. लिफ्टने शिरस्त्याप्रमाणे टेस्टचं नाव विचारलं. टेस्ट नव्हती, नुसती माणसं होती. माणसांबाबत सूचना नसल्याने ती स्वस्थ बसली.

"काय रे, हलत का नाही ही?"

"साहेब, तिला कळलंय, आपण खरे आहोत."

"मग खोटे होऊ या की लवकर! गुदमरतोय मी!"

लाल्याने काखेतला लॅपटॉप उघडून 'तिसऱ्या मजल्यावर दार उघडावे' ही टेस्ट सुरू केली. दार झटकन उघडलं, तळमजल्यावरच. बाहेर टाळ्या पडल्या. साहेबांनीही वरच्यांना 'शंभर टक्के' असं आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी घाम पुसला आणि जाहीर केलं, "हा मुलगा आजपासून कायम!"

तेव्हापासून लाल्या लॅपटॉप घेऊन लिफ्टमध्येच बसतो. लोक जिन्याने जातात. निकाल अजूनही शंभर टक्के आहे.

हसू आलं असेल तर खुशाल हसा. फक्त मघाशी दाराशी पाऊल वाजलं, तेव्हा हे वाचन खाली सरकवून तुम्ही कामाचा कागद वर ओढलात आणि मान वळवून कोण आलंय ते पाहिलंत, त्याला काय म्हणायचं, तेवढं सांगा.